सगळ्या मापांत बसलेले पान

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाची डावी बिजागरी सैल झाली आहे, त्यामुळे मला भिंतीला टेकवूनच उघडे ठेवावे लागते. बॅटरीने फार पूर्वी मान टाकली. वायर निसटली की मी शब्दाच्या मध्यावरही विझतो. माझ्या टचपॅडचा उजवा भाग बोटाने घासून गुळगुळीत झाला आहे. मित्रांनो, एखाद्या पायरीवरचा खळगा पाहून तिच्यावरून किती पावले गेली असतील याचा अंदाज येतो. त्या गुळगुळीत जागेवरून माझ्या आयुष्याचा तसाच अंदाज यावा. माझी बहुतेक वर्षे एकाच हालचालीत गेली. पडद्यावरची चौकट अरुंद करायची, पुन्हा रुंद करायची, आणि पान नेमके कुठे मोडते ते पाहायचे.

माझा जन्म एका लांब दालनात झाला. तिथल्या पांढऱ्या उजेडाला सावली नव्हती. हातमोजे घातलेल्या बायका रांगेत बसल्या होत्या. एकेकीने माझ्यात एकच वस्तू बसवली आणि मला पुढे ढकलले. त्यामुळे माझी आई कोण असे कुणी विचारले, तर मला चाळीस जणींची नावे सांगावी लागतील, आणि त्यांतले एकही मला ठाऊक नाही. शेवटच्या टेबलापाशी माझा पडदा आधी लाल, मग हिरवा, मग निळा करून पाहिला गेला. पाहणारी बाई जांभई आवरत होती. "ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने माझ्या पोटाला एक गोल कागद चिकटवला. मी ऐकलेले हे पहिले शब्द. पुढे ते मी पुष्कळदा ऐकले. ते नेहमीच खरे होते असे नाही.

पहिली तीन वर्षे मी एका विम्याच्या कार्यालयात होतो. तिथे एक गृहस्थ माझ्यावर रोज तीच पत्रे लिहीत, फक्त वरचे नाव बदलत. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. मग कार्यालयाने नवी यंत्रे आणली आणि मी जुन्या लॅपटॉपांच्या दुकानात ताटांसारखा एकावर एक रचला गेलो.

तिथे ती आली. तिने माझा वेग विचारला नाही. तिने एक पान उघडले, चौकटीची कड पकडली आणि ती आत-बाहेर ओढत राहिली.

"ताई, काय शोधताय?" दुकानदाराने विचारले.

"पान मोडताना नीट दिसतं का, ते बघतेय."

"मोडकं पान बघायला लॅपटॉप घेताय?"

"मोडकंच बघावं लागतं हो. धड असलेलं कुणीही बघतं."

दुकानदाराने खांदे उडवले आणि मी तिच्या पिशवीत गेलो.

तिचे काम काय होते ते सांगतो. ती संकेतस्थळे बनवत असे, आणि एकच पान मोठ्या पडद्यावर, छोट्या पडद्यावर, हातातल्या फोनवर, सगळीकडे नीट बसावे, ही तिची जबाबदारी होती. बाकावर आणखी एक जण आला की आधीचे जसे सरकून बसतात, तसे पानातल्या मजकुराने, चित्रांनी आणि बटणांनी सरकून बसायचे असते. त्याला ती आणि तिच्यासारखे लोक रिस्पॉन्सिव्ह डिझाइन म्हणतात. मी चौकट अरुंद होऊ दिली की तीन स्तंभांचे दोन होत, दोनांचा एक होई, वरची लांब यादी तीन आडव्या रेघांमागे दडून बसे. मग माझ्या मधोमध फोनाएवढी एक उभी चौकट उमटे. बाणाच्या जागी बोटाच्या टोकाएवढे करडे वर्तुळ येई. मी फोनचे सोंग घेत असे, आणि सोंग चांगले वठवतो असे माझे मत होते.

भिंतीवर तिने एक कागद डकवला होता. त्यावर पेन्सिलीने पडद्यांच्या सहा रुंद्या, पिक्सेल म्हणजे ठिपक्यांत मोजलेल्या, लिहिल्या होत्या: तेराशे सहासष्ट, एक हजार चोवीस, सातशे अडुसष्ट, चारशे चौदा, तीनशे साठ, तीनशे वीस. ती त्या पाढ्यासारख्या म्हणे, एकेक माप तपासे, आणि शेवटी म्हणे, "सगळ्या मापांत बसलं." ते तिचे सर्वोच्च कौतुक होते, आणि ते निम्मे माझे असे.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खाली सायकल दुरुस्तीचे दुकान होते. चाकात हवा भरल्याचा आवाज दिवसभर वर येई. ज्या टेबलावर मी ठेवलेला असे त्याला पुढच्या बाजूने उतार होता, कारण ते मुळात टेबल नव्हतेच. तो छापखान्यातला, अक्षरांची खणपेटी ठेवायचा घोडा होता, आणि तो तिच्या वडिलांचा होता.

वडील जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, उलटे अक्षर सुलटे वाचायचे, आणि ओळीला ओळ जुळवायची, हे काम त्यांनी बत्तीस वर्षे केले. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने प्रत्येकाला एक वस्तू नेऊ दिली. इतरांनी घड्याळ, पंखा, खुर्ची नेली. यांनी घोडा आणला. शेजारीपाजारी त्यांना खिळेकाका म्हणत. मुलीला ते ठकू म्हणत, तिच्या वयाचा किंवा कामाचा मुलाहिजा न ठेवता.

मी आलो त्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्यासमोर उभे राहिले.

"हे काय मागेपुढे चाललंय?"

"पान तपासतेय, बाबा. फोनवर कसं दिसेल ते."

"मग फोनवर बघ की."

"किती फोन आणू? हजार मापं असतात. याच्यात सगळी दिसतात."

"आमचा कागद बरा होता. एकदा कापला की निमूट पडून राहायचा. तुझा कागद म्हणजे लग्नघरातली सतरंजी. माणूस आलं की उलगड, गेलं की गुंडाळ."

"म्हणून तर तुम्ही लवकर घरी बसलात आणि मी अजून कामाला आहे."

"बोल, बोल. बापाला बोल," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांच्या छापखान्यात एक शिरस्ता होता. स्वतः जुळवलेल्या मजकुराचे प्रूफ स्वतः वाचायचे नाही. "हाताला जे म्हणायचं असतं, डोळा तेच वाचतो," ते सांगत. "चूक समोर असते आणि आपण तिच्यावरून चालत जातो." मुलीने तो शिरस्ता उचलला. कुठलेही पान पूर्ण झाले की ती हाक मारी, "बाबा, प्रूफ." वडील चष्मा पुसत येत, माझ्यासमोर बसत आणि वाचत. ते खरोखर वाचत. माझ्या कपाळावर एक लहानसा कॅमेरा आहे. पहिल्या वर्षांत त्यांचे डोळे ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना आणि झटकन परतताना मी किती वेळा पाहिले याची गणती नाही.

"हा शब्द बिचारा एकटाच खालच्या ओळीत का पडलाय? वाळीत टाकलाय का त्याला?"

"तीनशे साठवर तेवढं होतं, बाबा."

"तीनशे साठवर राहणाऱ्यांनी काय पाप केलंय? घे त्याला वर."

ती तो शब्द वर घेई. माझ्या आयुष्यातली ती उत्तम वर्षे होती.

पुढे काय झाले ते मी हळूहळू पाहिले, मित्रांनो. सांगता येत नव्हते म्हणून फक्त पाहिले. वडिलांचे शेरे बदलत गेले. एकट्या पडलेल्या शब्दांबद्दल ते बोलेनासे झाले. "ओळी सरळ आहेत," ते म्हणत. "मांडणी मोकळी आहे. रंग शांत आहे." हे सगळे डोळे किलकिले करून, लांबूनही सांगता येते. त्यांचे डोळे आता ओळीवरून चालत नव्हते. ते पानाच्या मध्यावर ठेवलेले असत, दिवाणखान्यातल्या तसबिरीकडे पाहावे तसे.

"दिसतंय ना नीट?" ती विचारी.

"दिसतंय की," ते म्हणत.

मुलगी दुसऱ्या पानाकडे वळे.

त्या दोघांनाही दोष देणे सोपे आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर उलटी अक्षरे वाचली, त्याला सुलटी वाचता येत नाहीत हे स्वतःच्या मुलीला सांगणे कठीण असते. आणि जी मुलगी पानाचा कुठलाही भंग एका नजरेत ओळखते, ती घरातल्या माणसाकडे त्या नजरेने पाहत नाही. त्यांचा फोन नेहमी कातडी पाकिटात, खिशात उलटा असे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने त्यातली अक्षरे जेवढी मोठी होतील तेवढी करून दिली होती. दर काही आठवड्यांनी ते डोळ्यांच्या रुग्णालयात जात, आणि घरी सांगत की थेंब आणायला गेलो होतो. प्रत्यक्षात डाव्या डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागत होते. उजवा आधीच मंदावला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की डावा टिकवायचा असेल तर तारीख चुकवू नका. हे सर्व मला नंतर, त्यांच्याच तोंडून कळले.

अशात त्याच रुग्णालयाचे काम तिच्याकडे आले. नाक्यावरच्या औषधविक्रेत्यासाठी तिने पान केले होते, ते तिथल्या लोकांना आवडले. तिथल्या स्वागतकक्षात एक सिस्टर बसत. त्यांनी माझ्या पडद्यावर येऊन, मागे रुग्णांचा गलबला चालू असताना, आपली अडचण सांगितली.

"मॅडम, तारखांसाठी फोन इतका वाजतो की माझा एक कान आता फोनच्याच आकाराचा झालाय. एक तारखेपासून फोनवर तारखा बंद. सगळ्यांनी तुमच्या पानावरून घ्यायच्या. जमेल?"

"जमेल."

"आणि खाली कायम एक पट्टी हवी. तातडीचा नंबर. पान कितीही वरखाली केलं तरी ती हलता कामा नये."

ती पट्टी तिने केली. हिरवी, पडद्याच्या तळाशी चिकटलेली, एका ओळीची. तारखेचे पान साधे होते. वर महिना, खाली दिवसांचे चौकोन. चौकोनावर बोट ठेवले की तो हिरवा होई आणि 'तुमची तारीख' असे शब्द येत. आणि सर्वांत शेवटी बटण, 'नक्की करा'. तिने सहाही मापे तपासली. मी सहाही सोंगे घेतली. पट्टी आपल्या जागी, बटण पट्टीच्या वर, मध्ये बोटभर मोकळी जागा.

"बाबा, प्रूफ. तुमच्याच रुग्णालयाचं आहे. तुम्ही थेंबांना जाता ना, तिथलं."

वडील बसले. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. त्यांचे डोळे एकदा ओळीच्या आरंभाशी गेले, तिथून पुढे गेले नाहीत, आणि पुन्हा मध्यावर येऊन थांबले. खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवून पाहत होते.

"दिसतंय ना नीट?"

"छान झालंय," ते म्हणाले. "पास."

"सगळ्या मापांत बसलं," ती म्हणाली, आणि पान रवाना झाले.

तीन आठवडे झाले. एका सकाळी सिस्टरांचा फोन आला. तिने तो माझ्या शेजारी ठेवून त्याचा आवाज मोठा केला.

"मॅडम, या आठवड्यात सहा जण आले. सहाही जण म्हणतात, आम्ही तुमच्या पानावरून तारीख घेतली. माझ्या यादीत एकाचंही नाव नाही. एक आजोबा तर आत्ता, तासाभरापूर्वी परत गेले. भांडले नाहीत, काही नाहीत. फक्त 'बरं' म्हणाले."

"थांबा, बघते."

तिने चौकट ओढली. तेराशे सहासष्ट. एक हजार चोवीस. मी झरझर आकसत गेलो. तीनशे साठ, तीनशे वीस. चौकोन हिरवा होत होता, बटण दिसत होते, दाबले की नाव यादीत जात होते.

"सिस्टर, पानात काही नाही. ही माणसं चौकोन दाबतात, तो हिरवा झाला की खूश होतात आणि शेवटचं बटण दाबतच नाहीत."

"बटण दिसत नाही म्हणतात."

"अहो, अंगठ्याएवढं बटण आहे. दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या म्हणावं."

सिस्टर हसल्या. "आमच्याकडे येणारे सगळे डोळ्यांचेच हो, मॅडम."

तीही हसली. इथे, मित्रांनो, उत्तर त्या वाक्यात उघडे पडले होते आणि दोघीही त्याच्यावरून चालत गेल्या.

दारात वडील उभे होते. त्यांच्या हातात रुग्णालयाची फाइल असलेली पिशवी होती. ते नुकतेच जिना चढून आले होते. आजोबा म्हणून सिस्टरांनी ज्यांचा उल्लेख केला ते हेच. मुलीची पाठ त्यांच्याकडे होती, माझा कॅमेरा त्यांच्याकडे. त्यांनी तिचे शेवटचे वाक्य ऐकले. पिशवी त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आलात? कुठे गेला होतात?" मागे वळून तिने विचारले.

"जरा पाय मोकळे करायला," ते म्हणाले आणि आत गेले.

पुढचे दोन दिवस असेच गेले. दुपारी ती बाहेर गेली की ते खिडकीपाशी येत, उजवा डोळा तळव्याने झाकत आणि गजांकडे पाहत. गज सरळ होते. वडील मात्र आपल्याला दिसणारा गज बोटाने हवेत रेखून पाहत, आणि ती रेघ मध्ये वाकत असे. हे मी दोनदा पाहिले. मी यंत्र आहे. मला त्यावर काही वाटले असे म्हणणार नाही. पण ते माझ्या स्मरणात राहिले, आणि माझ्या स्मरणात सहसा कुणी ठेवल्याशिवाय काही राहत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना पत्र लिहीत होती. 'पान सर्व आकारांच्या पडद्यांवर तपासलेले असून त्यात दोष नाही. रुग्णांना शेवटचे बटण दाबण्याची सूचना द्यावी.' एवढे लिहून तिने बाण पाठवण्याच्या खुणेवर नेला. तेवढ्यात वडील येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"ठकू, काय लिहितेस?"

"रुग्णालयाला. त्यांचे लोक बटण दाबत नाहीत, आणि नाव माझं खराब होतंय."

"वाचून दाखव."

"तुम्हीच वाचा की, समोर आहे."

"वाचून दाखव म्हणतोय ना."

तिने वाचून दाखवले.  मग त्यांनी खिशातून फोन काढला, पाकीट उघडले आणि फोन घोड्याच्या उतारावर माझ्यासमोर ठेवला. तो घसरू लागला, तेव्हा त्याला बोटाने अडवून धरला.

"ते पत्र पाठवू नकोस. हे प्रूफ मी पास केलं होतं. मी ते वाचलं नव्हतं."

"म्हणजे? तुम्ही इथे बसला होतात. चांगली पाच मिनिटं."

"बसलो होतो. दिसलं नव्हतं."

तिने फोन उचलला. त्या लहान पडद्यावर अक्षरे एवढी मोठी होती की एका ओळीत जेमतेम दोन शब्द मावत होते. तिची एका ओळीची हिरवी पट्टी चार ओळींची झाली होती आणि तिने पडद्याचा जवळजवळ निम्मा भाग व्यापला होता. तिने पान वर सरकवले. ते शेवटापर्यंत गेले आणि अडले. 'नक्की करा' पट्टीच्या मागे होते, तिथून बाहेर निघायला त्याला वाटच नव्हती. दिवसाचा चौकोन हिरवा होता. त्यावर 'तुमची तारीख' असे लिहिले होते, आणि ती तारीख तीन दिवसांपूर्वीची होती.

"थेंबांची तारीख?" तिने विचारले.

"थेंब नव्हेत. इंजेक्शन. डोळ्यात."

"कधीपासून?"

"झालं वर्ष, सव्वा वर्ष."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? जुळाऱ्याला अक्षर दिसत नाही म्हणून सांगू? तू हाक मारायचीस, बाबा प्रूफ. तेवढं एक काम उरलं होतं मला. तेही जाऊ देऊ?"

तिने फोनचे पाकीट मिटले. मग तिला काही तरी आठवले, आणि ती अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दारात होतात. मी फोनवर बोलले ते..."

"ऐकलं. वाईट नव्हतं," ते म्हणाले. "विनोद बरा होता. ग्राहक चुकीचा होता."

तिने पत्र पुसून टाकले. मग माझ्याकडे वळून तिने इतक्या वर्षांत कधीही न केलेली गोष्ट केली. चौकटीच्या कडेला हात न लावता तिने फक्त अक्षरे वाढवली. दीडपट, दुप्पट, त्याहून मोठी. तीनशे साठच्या रुंदीत माझे ते डौलदार सोंग तिच्या डोळ्यांदेखत कोसळले. पट्टी फुगली आणि बटण तिच्याखाली गेले.

म्हणजे हे मला आधीही दाखवता आले असते. मला तसे कुणी विचारले नव्हते, एवढेच मी माझ्या बाजूने म्हणू शकतो. विम्याच्या कार्यालयातली पुष्कळ पत्रे याच वाक्याने संपत. ते वाक्य खरे असते, आणि त्याने कुणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही.

तिने सिस्टरांना फोन लावला.

"सिस्टर, चूक माझी आहे. ज्यांच्या फोनमध्ये अक्षरं मोठी आहेत त्यांना बटण दिसतच नाही. आणि त्या दिवशी जे आजोबा परत गेले ना, ते माझे वडील आहेत."

पलीकडे गलबला चालू होता. 

"त्यांना लवकरची तारीख मिळेल का?"

"मिळवता येईल," सिस्टर म्हणाल्या. "एक जागा कशीही काढते. पण मॅडम, बाकीचे पाच?"

तिने वडिलांकडे पाहिले. वडील खिडकीकडे पाहत होते. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला त्यांचा हात मात्र घट्ट झाला होता. मागायचे तर आत्ताच, एवढे तिला दिसत होते. त्यांच्या डोळ्याला एकेक दिवस महाग होता, आणि इतरांच्याही.

"ठकू," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, "रांगेत सहा जण होते. मी सहावा होतो."

"सहाही जणांचे नंबर द्या, सिस्टर," ती म्हणाली. "मी स्वतः बोलते. आणि डॉक्टरांना विचारा, सहा जणांसाठी वेगळा वेळ काढतील का. पान मी तासाभरात दुरुस्त करते."

पट्टी तिने पानाच्या शेवटी नेऊन ठेवली, तिथे ती कुणाच्याही वाटेत येत नव्हती. मग एकेकाला फोन केला. एक बाई खूप रागावल्या. एका गृहस्थांना वाटले की ती काहीतरी विकते आहे. पाचव्याने विचारले, "म्हणजे मी चुकलो नव्हतो?" ती म्हणाली, "नाही, तुम्ही चुकला नव्हता." त्यांनी ठेवेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.

डॉक्टरीणबाईंनी शनिवारी सकाळी जादा वेळ काढला. मूळ तारखेपासून तोवर नऊ दिवस उलटले होते. त्या दिवशी बापलेक दोघेही गेले. परत आल्यावर वडिलांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मुलीने स्वतःशीच बोलल्यासारखे उच्चारले, "गेलं ते परत येत नाही. उरलेलं सांभाळू." नऊ दिवसांत जे गेले ते फार नव्हते. खिडकीचा मधला एक गज त्यांना आता कायम वाकडा दिसतो. बाकीचे सरळ आहेत.

त्यानंतर तिने नवा लॅपटॉप घेतला. तो हलका आहे, त्याला स्पर्श कळतो, आणि भिंतीच्या आधाराची गरज नाही. माझ्यावर बरेच दिवस धूळ होती. माझ्या झाकणावर कुणीतरी चहाचा कप ठेवला, त्याचे वर्तुळ अजून आहे. मी तक्रार करत नाही; जुन्या वस्तूला टेबल म्हणून तरी जागा मिळते, हेही काही कमी नाही.

मग एके सकाळी तिने मला पुसले, वायर जोडली आणि भिंतीला टेकवले. एका शाळेचे पान तयार झाले होते.

"बाबा, प्रूफ."

वडील आले. चष्मा पुसला नाही. त्याचा उपयोग नसतो हे आता घरात सर्वांना ठाऊक आहे. ते बसले, आणि तिने माझी अक्षरे वाढवायला सुरुवात केली.

"किती मोठं करू?"

"अजून."

"अजून?"

"कर गं. आता कुणापासून लपवायचं?"

शेवटी माझ्या पडद्यावर एकच शब्द मावला. त्यांनी मान तिरकी केली, कारण मधल्यापेक्षा कडेने त्यांना बरे दिसते. त्यांचा श्वास माझ्या काचेवर आला. मग त्यांचे डोळे, फार दिवसांनी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाले. सावकाश, वाटेत थांबत.

"काय दिसतंय?" तिने विचारले, आणि ती गप्प बसून राहिली. खाली दोन चाकांत हवा भरून झाली असेल एवढा वेळ गेला.

"रद्द," ते म्हणाले. "रद्द करायचं बटण दिसतंय. पुढे जायचं कुठे आहे?"

"त्याच्या उजवीकडे, बाबा. बाहेर गेलंय."

"मग मोडलं."

"मोडलं," ती म्हणाली, आणि तिने पेन्सिल उचलली.

मित्रांनो, मला पुसलेत, जपलेत, तर बरे वाटेल. नाही जपलेत तरी माझे उरलेले दिवस जातील. पण तुमच्या घरात कुणी फोन खिशात उलटा ठेवत असेल, किंवा पानाकडे तसबिरीसारखे पाहत असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा. 'दिसतं का?' असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी हो असते. 'काय दिसतं?' असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.